अकरा मिलिमीटर बाहेर

माणसाने गाडीच्या चाकांकडे किती वेळ बघावं याला काही मर्यादा असावी. मी एका उन्हाळ्यात सलग पाच आठवडे बघत होतो. त्याला आता बावीस वर्षं झाली. ती गाडी आज माझ्याकडे नाही, आमच्या बिल्डिंगसमोरचं अंगणही राहिलेलं नाही. पण अजून रस्त्यात कुठली गाडी उभी दिसली की मी आधी तिची चाकं बघतो, मग नंबर बघतो, आणि आत बसलेला माणूस ओळखीचा निघाला तर सगळ्यात शेवटी त्याच्याकडे बघतो. लोकांना वाटतं मला अहंकार झालाय. वाटू दे.

गाडी लाल होती. दोन दारांची, बुटकी, समोरून बघितली तर कुणावर तरी चिडून बसल्यासारखी. ती मी दातांच्या एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टर तिला 'परफॉर्मन्स कार' म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. बायको तिला 'ती लाल' म्हणायची, आणि 'ती' या शब्दावर असा काही जोर द्यायची की गाडी नसून माझी कॉलेजातली मैत्रीण दारात उभी आहे असं वाटावं.

मी तेव्हा वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या तपासायच्या, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि चूक असतील तर जप्त करायच्या, हे माझं काम. दोन मिलिमीटर आखूड पट्टी मी नुसत्या नजरेने ओळखायचो. मी बाजारातून चालत गेलो की तराजूचे काटे आपोआप सरळ होतात, असं खात्यात बोललं जायचं. हे मीच बोलायचो, पण कुणी खोडून काढलं नव्हतं. हे सगळं आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते इतर कुणाच्या बाबतीत झालं असतं तर एवढं लागलं नसतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या मुलीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. कॉलेज तीनशे किलोमीटर लांब. वसतिगृहात रहायचं, शनिवारी दुपारी दोनपर्यंत हजर व्हायचं, असं पत्र आलं. मुलगी स्वभावाने शांत. मागणं असं तिने कधी काही मागितलं नाही. ते पत्र घडी घालून ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, बसने नको. लाल गाडीने सोडाल?"

"म्हणजे काय? सोडणारच!" मी म्हणालो आणि टायर बघायला खाली गेलो. खरं म्हणजे त्या क्षणी तिच्याजवळ बसून दोन शब्द बोलायला हवं होतं. पण तसं बोलायची वेळ आली की मला नेहमी खाली काहीतरी बघायचं असतं.

टायर पार गुळगुळीत झाले होते. ते बदलायचे, होते तसेच नवे घालायचे, एवढी साधी गोष्ट. एका सकाळचं काम. पण मी खाली वाकलेलो असतानाच माझा मेहुणा आला.

मेहुणा फ्रिज विकायचा आणि मोटारींवर बोलायचा. त्याने टायरवरचा आकडा वाचला आणि तोंडात मारल्यासारखा चेहरा केला. "भाऊजी, एकशे पंच्याण्णव? ही गाडी आहे का सायकल?"

एकशे पंच्याण्णव म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मिलिमीटर हा शब्द निघाला की मी साहजिकच सरळ उभा राहतो.

"हिला दोनशे पंचवीस पाहिजेत," मेहुणा म्हणाला. "रुंद टायर म्हणजे पकड. वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी जाईल. आवाज नाही, घसरणं नाही. एवढ्या लांब पोरीला घेऊन जाणार ना तुम्ही?"

हे शेवटचं वाक्य त्याने फ्रिज विकतानाही वापरलेलं मी ऐकलं आहे. "घरात लहान मूल आहे ना तुमच्या?" असं. तरी ते लागू पडलं.

एवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली. तिथे आमचे घर्षणमास्तर रहायचे. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते खिडकीतून शिकवायचे. "घर्षण," ते म्हणाले, "पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. आठवीचं पुस्तक. रुंद टायर म्हणजे निव्वळ दिखावा."

"मग शर्यतीच्या गाड्यांना एवढाले टायर कशाला लावतात?" मेहुण्याने विचारलं.

"ती मुलं माझ्या वर्गात नव्हती," मास्तर म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

मी शास्त्र आणि फ्रिज यांत फ्रिजच्या बाजूने गेलो. पण आंधळेपणाने नाही. कुठला टायर किती रुंदीच्या रिमवर बसतो याचं एक पुस्तक मेहुण्याने आणलं होतं. त्यात दोनशे पंचवीसला कमीत कमी सात इंची रिम पाहिजे असं लिहिलेलं होतं. मी खात्यातली पोलादी टेप आणली, मुलीला एक टोक धरायला सांगितलं, आणि आमच्या रिमची रुंदी मोजली. बरोब्बर सात. तीनदा मोजली. तीनदा सात. मुलीने वहीत लिहून घेतलं आणि मी तिला मोजमापातली शिस्त या विषयावर थोडं सांगितलं. ते थोडं म्हणजे अर्धा तास होतं असं ती नंतर म्हणाली.

चार टायर मागवले. मेहुण्याने वरचे कागद लगेच फाडून टाकले, रबराचा वास घेतला, "वा!" म्हणाला, आणि आम्ही टायरवाल्याकडे गेलो.

टायरवाला अगदी मोजकं बोलणारा माणूस. त्याने एक नजर टायरवर टाकली, एक रिमवर.

"बसणार नाही. ही सहाची रिम आहे."

"सातची," मी म्हणालो. "मी स्वतः मोजलीय."

"कुठून कुठपर्यंत?"

"या कडेपासून त्या कडेपर्यंत."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "साहेब, टायर काय कडेवर बसतो? तो आत बसतो, खोबणीत. रुंदी तिथून मोजतात. बाहेरचे ओठ धरायचे नसतात." मग त्याने खिशातून एक टेप काढली. तिचे निम्मे आकडे पुसले गेले होते, टोकाची पट्टी सैल होती. एरवी मी ती जागच्या जागी जप्त केली असती. त्या टेपनेच त्याने आतून मोजून दाखवलं. सहा.

"तुम्ही करता काय, साहेब?" त्याने सहज विचारलं.

"सरकारी नोकरी."

"कुठल्या खात्यात?"

"आहे असंच एक," मी म्हणालो.

कागद फाडल्यामुळे टायर परत जाईनात. अशा वेळी शहाण्या माणसाने हात झाडून घरी जावं. पण मेहुणा म्हणाला, "भाऊजी, टायर मोठा झाला म्हणून टायर परत करायचा नसतो. रिम मोठी घ्यायची असते." तेव्हा या वाक्याने मला केवढा धीर आला! पायाला बूट होत नाही म्हणून पाय बदलावा, तशातला तो सल्ला होता. पण अपमान झालेल्या माणसाला पुढे जायला रस्ता पाहिजे असतो, तो कुठे जातो हे तो विचारत नाही. मी आठ इंची रिमा घेतल्या. जुन्या रिमा मोठ्या मनाने टायरवाल्याला दिल्या. "राहू द्या. कुणाच्या कामी आल्या तर द्या," असं म्हणालो.

नव्या रिमा बघून मात्र डोळ्यांचं पारणं फिटलं. त्या बसवल्या आणि चाक फिरेना. रिम जिथे बोल्टांनी गाडीला बसते ती जागा तिच्या बरोबर मध्यावर नसते, जरा एका अंगाला असते. किती, तो आकडा आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो मी बघितला नव्हता असं नाही. बघितला होता. मला तो वजनाचा वाटला. परिणाम असा की रिमची आतली कड धक्के झेलणाऱ्या शॉकअपला जाऊन टेकली.

यावर मेहुण्याने मधे घालायच्या जाड चकत्या आणल्या. त्यांनी चाकं आतून सुटली आणि बाहेर आली. आत ढकलावं तर शॉकअप, बाहेर काढावं तर मडगार्ड. दोन बहिणींच्या भांडणात सापडलेल्या जावयासारखं त्या चाकाचं झालं होतं. अंगणात मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तेव्हा 'खर्रर्र' असा काही आवाज आला की चार मजल्यांवरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. मास्तरांनी खिडकी उघडली, आवाज नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे मात्र घर्षण."

मडगार्डची आतली कड वर दुमडली तर टायरला जागा होईल, असं मेहुण्याने कुठेतरी वाचलं होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये एक गोल, गुळगुळीत, टणक लाकूड घालायचं आणि गाडी हळूहळू ढकलायची. लाकूड फिरत जातं, कड दुमडत जाते. "असं लाकूड आणायचं कुठून?" असं मी विचारलं, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. बायको ग्रंथालयात कामाला जायची. यायला अजून तास होता.

लाटणं आत गेलं. मुलगी आणि मास्तर मागून ढकलायला लागले. मास्तर सिद्धांतापुरते विरोधात होते, ढकलायला नव्हते. कड खरोखर दुमडायला लागली. मला वाटतं पहिले सहा इंच आम्ही सगळे फार सुखात होतो. मग 'टक्' असा आवाज आला, लाटण्याचे दोन तुकडे झाले, एक माझ्या पायाशी पडला, दुसरा आत अडकला, आणि मडगार्डवरचा लाल रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा उचलून आला. त्या दिवशी ग्रंथालय लवकर सुटलं होतं.

बायको फाटकात उभी होती. तिने आधी तुकडा बघितला, मग भाऊ बघितला. भावाला एकदम एक फ्रिज पोचवायचा आठवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वर गेल्यावर तिने ओट्यावर पिठाचा गोळा काढला आणि पाण्याची बाटली घेऊन तो लाटायला लागली.

"शनिवारी जायचंय तिला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर एवढं..."

"या महिन्यात तिच्याशी टायर सोडून दुसरं काय बोललात तुम्ही?"

मी आठवून बघितलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "रिम," मी म्हणालो.

तिला हसू आलं, पण तिने ते बाहेर येऊ दिलं नाही. "ती रोज खाली तुमच्यासोबत टेप धरून उभी राहते, ती काय चाकांच्या हौसेने?" एवढं म्हणून ती पुन्हा बाटली फिरवायला लागली.  मी बाहेरच्या खोलीत गेलो. मुलगी पुस्तकं खोक्यात भरत होती. मी म्हणालो, "दोरीने बांधू का?" ती म्हणाली, "बांधा." आम्ही तीन खोकी बांधली. यापेक्षा जास्त त्या दिवशी जमलं नाही.

त्यातच बुधवारी गाडीची तपासणी होती. दर दोन वर्षांनी व्हायची. ती झाल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढता येत नसे. तपासणी कार्यालयात मी फॉर्म भरून दिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "वाहनात काही बदल?"

"चाकं बदललीत."

"चाकांची संख्या बदलली का?"

"नाही. चारच आहेत."

"मग बदल कुठे झाला?" त्यांनी 'नाही'वर खूण केली. तिथे माझं नशीब फळफळल्यासारखं वाटलं. पण आत तपासनीस होता. तरुण, इस्त्रीचे कपडे, कपाळावर एक आठी नाही. त्याने फॉर्मवरचा माझा व्यवसाय वाचला, दोनदा वाचला, आणि शेजारच्या दोघांना बोलावून आणलं. मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला. टायरचा बराचसा भाग दोरीच्या बाहेर होता. त्याने पोलादी पट्टी लावली.

"अकरा मिलिमीटर बाहेर. नियमाप्रमाणे चाक मडगार्डच्या बाहेर एक मिलिमीटरही चालत नाही. नापास."

आता अशा प्रसंगी माणसाकडे शेवटचं एक शस्त्र असतं. मी माझ्या कामाच्या आवाजात म्हणालो, "तुमची पट्टी बरोबर आहे कशावरून?"

त्याने पट्टी उलटी करून माझ्या हातात दिली. मागे आमच्या खात्याचा शिक्का होता. शिक्क्याखाली निरीक्षक क्रमांक चार असं कोरलेलं होतं. निरीक्षक क्रमांक चार मी होतो.

ते तिघेही चांगले लोक होते. मी गाडी बाहेर काढेपर्यंत त्यांनी हसू दाबून धरलं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि टायरवाल्याकडे गेलो. "माझ्या जुन्या रिमा," मी म्हणालो.

"दिल्या की. तुम्हीच म्हणालात, कुणाच्या कामी आल्या तर द्या."

"कुणाच्या आल्या?"

शहराच्या टोकाला एक रोपवाटिका होती. मी आणि मुलगी तिथे पोचलो तेव्हा मालकीणबाई कुंड्यांनी भरलेला एक लांबलचक हातगाडा ओढत समोरून येत होत्या. गाड्याला चार चाकं होती. माझी. त्यांच्यावर माझेच जुने गुळगुळीत टायर होते, आणि खरं सांगतो, गाडीखाली ती कधी एवढी समाधानी दिसली नव्हती.

मी सगळी हकीकत सांगितली. बाई शांतपणे ऐकत होत्या. "नाही जमणार," त्या म्हणाल्या. "आधी हा गाडा ओढायला दोन माणसं लागायची. आता मी एकटी ओढते. फक्त चिखलात रुततो जरा. चाकं अरुंद आहेत ना."

मी काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "मावशी, रुंद चाकं दिली तर?" आणि तिने बाईंना रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे नेलं.

बाईंनी वाकून बघितलं. टायरवर थाप मारली. "ही छान आहेत. तुम्हाला का नकोत मग?"

"मडगार्डच्या बाहेर येतात," मी म्हणालो.

"माझ्या गाड्याला मडगार्डच नाही," बाई म्हणाल्या. "येऊ देत कितीही बाहेर."

पाच आठवड्यांत या विषयावर कुणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. टायरवाल्याला तिथेच बोलावलं. आमच्या सगळ्या स्वप्नांसह ती चार चाकं हातगाड्याला लागली, आणि जुन्या रिमांवर त्याने जसे होते तसे नवे, एकशे पंच्याण्णवचे टायर चढवले. बाईंनी मुलीला एक लहानसं लिंबाचं रोप दिलं. शुक्रवारी गाडी पास झाली. तपासनीस जरा हिरमुसलेला दिसला.

शनिवारी सकाळी निघालो. मुलगी माझ्या शेजारी, बायको मागे, आणि उरलेल्या जागेत खोकी, गादी आणि लिंबू. मास्तरांनी खिडकीतून "सावकाश!" म्हटलं. मेहुणा आला नव्हता. त्याने एक नवं लाटणं पाठवलं होतं.

पहिले दोनशे किलोमीटर कुणी फारसं बोललं नाही. मग रस्ता एका तलावाला लागला. पाण्याला धरून तो अर्धा गोल वळसा घेतो, उघडा, रुंद, पलीकडचं टोक इथूनच दिसतं. समोर एक गाडी नव्हती. मी काही मुद्दाम केलं नाही. नेहमीपेक्षा जरा वेगात वळलो इतकंच, आणि चारही टायर एकदम किंचाळले. कुईंऽऽऽ! रुंद टायर असते तर आवाजच आला नसता, गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली असती. मी चपापलो. आता मागून बोलणं बसणार म्हणून खांदे आवळून घेतले.

आणि शेजारी मुलगी हसायला लागली. गेल्या महिन्याभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. पाय आपटून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबा," ती म्हणाली, "अजून एकदा!"

मी आरशात बघितलं. बायकोने लिंबाचं रोप दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं. "बघताय काय?" ती म्हणाली. "वळवा की."

आम्ही मागे गेलो आणि परत आलो. कुईंऽऽऽ! मग तिसऱ्यांदा गेलो. चौथ्या वेळी तलावाच्या कडेला थांबलो, डबे उघडले, आणि मुलगी बोलायला लागली. नव्या ठिकाणी कुणी ओळखीचं नसेल याची भीती वाटते, हे तिने तिथे सांगितलं. मीही माझ्या पहिल्या नोकरीत भाड्याच्या खोलीवर आठ दिवस रडलो होतो, हे तिला तिथे सांगितलं. ते बायकोलाही माहीत नव्हतं. कुणी घड्याळ बघितलं नाही.

वसतिगृहात पोचायला चार वाजले. तिथल्या मुख्य बाई दारातच उभ्या होत्या.

"दोनची वेळ दिली होती," त्या म्हणाल्या.

"वाटेत एक वळण होतं," मुलगी म्हणाली.

"तलावाचं ना? सगळेच त्या वळणावरून येतात."

"हो," माझी बायको म्हणाली, "पण आम्ही चार वेळा आलो."

खोकी वर नेली, गादी टाकली, लिंबू खिडकीत ठेवलं. मग उगाचच खिडकीची कडी लागते का ते मी तीनदा तपासलं. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, निघा आता, पोचायला रात्र होईल." फाटकाशी तिने हात हलवला आणि आम्ही वळेपर्यंत ती तिथेच होती.

परतताना बायको पुढे बसली. तिने काच खाली केली, पुन्हा वर केली. तलाव आला. रस्ता तसाच मोकळा होता, ऊन उतरलं होतं. माझा पाय जरासा जड झाला असावा, कारण तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घ्या," ती म्हणाली. "ती नसताना नको."

मी हळू घेतलं. गाडीनेही चकार शब्द काढला नाही.